गुरुत्वीय भिंग : धनू राशीतील दुहेरी क्वेसार

दूरस्थ क्वेसारकडून येणारे प्रारण वाटेतील दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे वळते आणि एकाच क्वेसारच्या अनेक प्रतिमा दिसतात. या आविष्कारास ‘गुरुत्वीय भिंग’ म्हणतात. दीर्घिका असे भिंग ठरू शकतात, हे फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ मध्ये सुचविले. पहिले उदाहरण १९७९ मध्ये सप्तर्षी तारकासमूहात सापडले. त्यातील दोन प्रतिमांमधील अंतर सुमारे ६ विकला आहे.

न्यूझीलंडमधील पापाटोएटो येथे आकाशाचा तो भाग कधीच उगवत नाही. धनू राशीतील ‘पीकेएस १८३०-२११’ हे भिंग मात्र तेथे क्षितिजापासून सुमारे ७४ अंश उंचीवर येते. पुण्यात ते सुमारे ५० अंशांपर्यंत चढते. जुलैच्या प्रारंभी मध्यरात्रीच्या सुमारास दोन्हीकडे ते याम्योत्तर वृत्तावर असते.

आकाशगंगेतील दाट धुळीमुळे या स्रोताचा शोध दृश्य प्रकाशाने नव्हे, तर रेडिओ लहरींनी लागला. त्याची दुहेरी रचना ए. प्रमेश राव व रवी सुब्रह्मण्यन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. नारायणगावजवळील जीएमआरटी दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप व डी. नरसिंह यांच्यासह त्यांनी १९९० मध्ये तिचे भिंग म्हणून विवेचन केले. सुमारे १ विकला अंतरावरील दोन ठिपके आणि त्यांना जोडणारे ‘आइन्स्टाइन कडे’ असे या स्रोताचे रूप आहे.

दोन्ही प्रतिमांचे मार्ग भिन्न असल्याने क्वेसारच्या तेजातील चढउतार एका प्रतिमेत सुमारे २६ दिवस उशिरा उमटतो. भिंगातील वस्तुमानाची मांडणी ठाऊक असल्यास या विलंबावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग, म्हणजे हबल स्थिरांक, काढता येतो. आज त्याच्या मूल्याविषयी तीव्र मतभेद आहेत : वैश्विक पार्श्वप्रारणावरून तो सुमारे ६७, तर जवळच्या ताऱ्यांवरून व अतिनवताऱ्यांवरून सुमारे ७३ किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक येतो. म्हणूनच अंतरांच्या त्या शिडीवर न विसंबणारी भिंगांची पद्धत मोलाची आहे. वस्तुमानाच्या मांडणीतील अनिश्चितता हीच तिची मुख्य मर्यादा होय.

याच भिंगदीर्घिकेतील रेणूंनी क्वेसारच्या लहरी शोषल्या आहेत. त्यावरून ७ अब्ज वर्षांहून अधिक पूर्वीच्या विश्वाचे तापमान सुमारे ५.१ केल्व्हिन असल्याचे २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील दुर्बिणींच्या साह्याने आढळले. आज ते २.७ केल्व्हिन आहे. प्रसरणाबरोबर विश्व थंड होत गेले, या सिद्धान्ताशी हे मापन जुळते.