तळटीप १२ : हिंगणा, वर्धा आणि वैधता

१२. 'हिंगणा वर्धा जिल्ह्यात आहे. वर्धा जिल्हा महाराष्ट्रात आहे. म्हणून हिंगणा महाराष्ट्रात आहे.' नागपूरकर वाचक पहिल्याच विधानाला अडखळेल, आणि ते रास्तच. हिंगणा हा नागपूर जिल्ह्यातला तालुका. लेखकाने उदाहरण मुद्दामच असे घेतले आहे.

आधारविधाने खरी धरली, तर निष्कर्ष खोटा पडू शकेल का, एवढेच वैधता विचारते. इथे तो पडू शकत नाही, म्हणून युक्तिवाद वैध. एक आधारविधान खोटे असल्याने तो निर्दोष मात्र नव्हे. निष्कर्ष खरा निघाला हे नशीब. 'वर्धा'च्या जागी 'नागपूर' घाला, की तो निर्दोषही होतो, पण १ मे १९६० पासूनच. १९५५ साली नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी हाच दुरुस्त युक्तिवाद वैध असूनही निर्दोष ठरला नसता.

उलट प्रकार अधिक फसवा: 'नागपूर जिल्ह्यातले सगळे तालुके विदर्भात आहेत, हिंगणा तालुका विदर्भात आहे, म्हणून तो नागपूर जिल्ह्यात आहे.' तिन्ही विधाने खरी, युक्तिवाद अवैध. हिंगण्याऐवजी वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुका ठेवून पाहा, लगेच उघडा पडतो. (तर्कशास्त्राच्या पेपरात मुले गुण घालवतात ती बहुधा इथेच.)

न्यायदर्शनात ही फारकत एवढी काटेकोर नाही. हेतूच खोटा असेल तर तिथे 'असिद्ध' हेत्वाभास मानून अनुमान मुळातच नाकारतात. लेखकाची विभागणी पाश्चात्त्य आकारिक तर्कशास्त्राची आहे, हे पुढची प्रकरणे वाचताना ध्यानात ठेवावे. — संपा.