गोळीची चिंधी

सोनपेठला आमच्या माळवदाच्या देवळीत एक लोखंडी साचा आहे, चिमट्यासारखा, दोन भागांचा. रझाकारीत गावाच्या राखणीला ठासणीच्या बंदुका निघाल्या, तेव्हा आजा चुलीवर शिसं वितळवून त्यात गोळ्या पाडायचा. शिसं 327 अंशांवर वितळतं. पण ते मऊ. उघडी गोळी उडवली की नळीला चिकटून बसतं. म्हणून आजी जुन्या धोतराच्या चिंध्या तेलात भिजवून द्यायची. गोळी चिंधीत गुंडाळूनच ठासायची.

गोळीच्या वेष्टणाची गोष्ट जुनीच. 1857 साली काडतुसाच्या कागदाला लावलेल्या चरबीवरून शिपाई भडकले. आता परदेशातले हौशी नेमबाज ओतीव गोळ्यांवर रंगाची पूड चढवून भट्टीत भाजतात. भाजताना त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून घरीच चौकटी बनवतात.

17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला. आज्यानं बंदूक जमा केली, साचा ठेवला.

पोरपणी मी आजीला इचारलं, "आपली गोळी कुणा माणसाला लागली का गं?"

"म्या चिंध्या फाडल्या, बाबा," ती म्हणाली. "गोळ्या कुठं गेल्या, ते कधी इचारलं न्हाई."