रेडिओवर गाणं लागलं आणि ४८ वर्षांची हुकूमशाही पडली! काय आहे ‘ग्रांदोला, विला मोरेना’ची गोष्ट?

२५ एप्रिल १९७४. मध्यरात्र उलटून २० मिनिटं झाली होती. पोर्तुगालच्या ‘रेडिओ रेनासेंसा’वर एक गाणं लागलं. आधी पावलांचा आवाज, मग एकट्या गायकाचा सूर आणि मग कोरस. बहुतेक श्रोत्यांसाठी ते नेहमीसारखंच गाणं होतं. पण रेडिओला कान लावून बसलेल्या काही लष्करी अधिकाऱ्यांसाठी त्याचा अर्थ होता, ‘निघा!’

गाणं आलं कुठून?

ग्रांदोला हे दक्षिण पोर्तुगालमधल्या आलेंतेजू भागातलं छोटं गाव. गायक जुझे अफोन्सो ऊर्फ झेका १९६४ मध्ये तिथल्या कामगारांच्या संगीत मंडळात कार्यक्रमासाठी गेले होते. तिथल्या लोकांमधला बंधुभाव पाहून ते भारावले आणि त्यांनी या गावावर कविता लिहिली. ‘विला मोरेना’ म्हणजे सावळं गाव.

१९७१ मध्ये फ्रान्समध्ये गाणं रेकॉर्ड झालं. एकाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, ही आलेंतेजूच्या शेतमजुरांची गायनपद्धत त्यात वापरली आहे. वाद्य एकही नाही. ठेका आहे तो खडीवर चालणाऱ्या पावलांचा.

सेन्सॉरच्या कात्रीतून कसं सुटलं?

पोर्तुगालमध्ये १९२६ पासून हुकूमशाही होती. झेका यांच्या अनेक गाण्यांवर बंदी होती. या गाण्यात मात्र सरकारला शिव्या नाहीत की क्रांतीची घोषणा नाही. गाव, मैत्री, समानता आणि ‘इथे लोकांचं चालतं’ एवढाच भाव. मार्च १९७४ मध्ये लिस्बनमधल्या मैफलीत सेन्सॉरने झेका यांची काही गाणी अडवली, पण हे सोडलं. प्रेक्षकांनी ते एकसुरात गायलं. त्यानंतर महिनाभरातच ते क्रांतीचा इशारा ठरलं. ‘निरुपद्रवी’ वाटलं, म्हणूनच ते रेडिओवर लागू शकलं.

त्या रात्री काय झालं?

इशारे दोन होते. पहिला २४ एप्रिलला रात्री १०:५५ वाजता, त्या वर्षी युरोव्हिजन स्पर्धेत गेलेलं एक प्रेमगीत लावून. म्हणजे ‘तयार राहा’. दुसरा ‘ग्रांदोला’. त्यानंतर माघार नव्हती.

सकाळी लिस्बनच्या रस्त्यांवर रणगाडे होते आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांमध्ये कार्नेशनची फुलं खोचली. संध्याकाळपर्यंत पंतप्रधान मार्सेलो कायतानो यांनी शरणागती पत्करली. तरीही दिवस पूर्ण रक्तहीन नव्हता. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात ४ जणांचा जीव गेला.

याचा गोव्याशी काय संबंध?

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगालच्या हुकूमशहांनी ते कधीच मान्य केलं नाही. क्रांतीनंतर चित्र पालटलं. ३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं.

आज हे गाणं कुठे आहे?

झेका १९८७ मध्ये गेले, गाणं मात्र राहिलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये सरकारी काटकसरीवर चिडलेल्या आंदोलकांनी संसदेच्या प्रेक्षक गॅलरीतून हेच गाणं म्हणत पंतप्रधानांचं भाषण थांबवलं. दर २५ एप्रिलला पोर्तुगालमध्ये ते आजही घुमतं. ऐकाल तेव्हा सुरुवातीच्या पावलांकडे नक्की लक्ष द्या.