पुट्टी घासायची मशीन : भिंत गुळगुळीत होते, पण धूळ जाते कुठे?

धारणी : घरकुलाचं प्लास्टर झालं की पुढचा प्रश्न येतो तो पुट्टी आणि रंगाचा. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये अशी मदत ठरलेली आहे. घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. एवढ्या पैशात भिंती उभ्या राहून छत पडलं तरी पुष्कळ झालं. पुट्टी, प्रायमर, रंग हे सगळं घरमालकाच्या खिशातून जातं, म्हणून इथे केलेली चूक महागात पडते.

पुट्टी वाळल्यावर ती घासायला पेंटर लोक आता लांब दांड्याची मशीन आणतात. कोणी तिला सँडर म्हणतं, कोणी नुसतं 'घासायची मशीन'. परतवाडा, अमरावती, नागपूर, पुण्याकडे बांधकामावर गेलेल्या मेळघाटच्या पोरांनी ती हाताळलेली असते. काम झटपट होतं यात वाद नाही. हाताने दिवसभर लागतो ते काही तासांत उरकतं आणि छतासाठी घोडीवर चढून मान मोडावी लागत नाही. पण ही मशीन जेवढी झपाट्याने घासते तेवढ्याच झपाट्याने धूळ काढते, आणि एका खोलीच्या घरात ती धूळ थेट माणसाच्या छातीत जाते.

मशीन आहे तरी कशी

दांड्याच्या टोकाला साधारण ९ इंची (२२५ मिलिमीटर) गोल चकती असते. चकतीला वेल्क्रो असतो, त्यावर गोल पॉलिश पेपर चिकटवायचा. पेपरला भोकं असतात, ती चकतीच्या भोकांवर बरोबर बसवायची. कारण धूळ त्याच भोकांतून आत ओढली जाते आणि नळीतून व्हॅक्यूमच्या पिशवीत जाते. भोकं चुकली तर व्हॅक्यूम लावूनही उपयोग नाही. वेग कमी-जास्त करायला बटण असतं. वजन साधारण चार-पाच किलो, ते सुरुवातीला जाणवत नाही, तासाभराने खांद्यात उतरतं.

ही मशीन मुळात जिप्सम बोर्डाच्या कामाची. अमेरिकेत घराच्या आतल्या भिंती बहुतेक विटांच्या नसतात. लाकडाच्या नाहीतर पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकतात, जोडावर कागदी पट्टी लावून मसाला भरतात आणि वाळला की घासतात. अशा बोर्डाचं पहिलं पेटंट १८९४ सालचं, ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन माणसाच्या नावावर. आपल्याकडे हे बोर्ड दिसतात ते दुकानात, बँकेत, हॉटेलात, तेही बहुतेक छताला. घराच्या भिंतीवर आपल्याकडे पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असते, आणि दोन्हींत फरक आहे.

जिप्समचा मसाला मऊ असतो. फक्त जोडावरचा मसाला घासायचा, बोर्डाच्या कागदाला हात लावायचा नाही. कागद एकदा फुसफुशीत झाला की वर कितीही रंग मारा, तो भाग खरबरीत दिसणारच. सिमेंटची पुट्टी उलट दिवसेंदिवस कडक होत जाते. दुसरा हात मारून दहा-बारा तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी घासली तर सोपं जातं. आठ दिवस ठेवली तर मशीनही रडते आणि पेपरही फाटतात. पावसाळ्यात हवा ओली असते, तेव्हा वाळायला जास्त वेळ द्यावा लागतो. ओली पुट्टी घासली की पेपर चिकटून भरतो आणि भिंतीला गोल ओरखडे पडतात.

मातीच्या, कुडाच्या भिंतीवर ही पुट्टीही टिकत नाही आणि मशीनही चालत नाही. तिथे सारवणच बरं.

आधी हात, मग मशीन

चांगल्या पेंटरच्या भिंतीला फार घासावं लागतच नाही. पत्र्याने पुट्टी ओढताना रेघा कमी सोडल्या तर घासणं निम्म्यावर येतं. मशीन आहे म्हणून पुट्टी कशीही थापायची आणि नंतर घासून काढायची, ही सवय म्हणजे विकत घेतलेला माल धूळ करून बाहेर फेकणं. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली धरली तर दार-खिडकी वजा जाता भिंती आणि छत मिळून सव्वापाचशे चौरस फुटांच्या आसपास होतात. सपाट प्लास्टरवर दोन हातांना किलोमागे १० ते १५ चौरस फूट निघतात, म्हणजे ४० किलोचं एक पोतं पुरतं किंवा थोडं कमी पडतं. त्याच खोलीला दोन-अडीच पोती लागत असतील तर दोष गुरमाळ्याचा आहे. प्लास्टरच वाकडं आहे, ते मशीनने सरळ होणार नाही.

नवीन प्लास्टरला आधी पाणी मारून पिकू द्यावं आणि पुरतं वाळू द्यावं. साधारण महिनाभर थांबलेलं बरं. घाईत पुट्टी चढवली की पुढच्या पावसाळ्यात फुगे येतात.

पेपरचा नंबर जेवढा मोठा तेवढा दाणा बारीक, हे सगळ्यांना ठाऊक असतं असं नाही. पहिल्या हाताच्या गुठळ्या काढायला १५० किंवा १८०, शेवटच्या हाताला २२० किंवा ३२० चालतो. काही पुट्टीच्या पोत्यावर याहूनही बारीक नंबर छापलेला असतो. पोतं फेकण्याआधी ते वाचावं, कंपनीने ते आपल्या मालासाठी लिहिलेलं असतं. ८० नंबरचा पेपर मशीनला लावून पुट्टीवर फिरवणं म्हणजे भिंत खरवडणं.

चकती भिंतीला सपाट टेकली पाहिजे. एका कडेवर टेकली की अर्धचंद्रासारखा खड्डा पडतो. वेग कमी ठेवून सुरुवात करायची, हलका दाब आणि हात सतत चालता. एका जागी दोन-तीन सेकंद थांबलं तरी खळगा होतो. आपल्या वजनाने मशीन दाबायची नसते, काम पेपरने करायचं असतं. कोपरे, खिडकीच्या कडा, बोर्डाच्या आजूबाजूचा भाग हातानेच. गोल चकती कोपऱ्यात जात नाही आणि नेली तर शेजारची भिंत खाते.

काम बरोबर झालं का हे बघायला मोबाईलचा टॉर्च पुरतो. खोली अंधारी करून टॉर्च भिंतीला लावून आडवा धरायचा. समोरून न दिसणारे उंचवटे, खळगे सावलीने लगेच दिसतात. तिथे पेन्सिलने खूण करून पुट्टीचा हात द्यायचा. रंग मारल्यावर हेच खळगे ट्यूबलाइटखाली दिसले तर भांडण ठरलेलं.

लाइटचा हिशोब

मशीन ७०० ते ८०० वॅटची असते, म्हणजे २३० व्होल्टवर साडेतीन अँपियरच्या आतबाहेर. सोबत हजार-बाराशे वॅटचा व्हॅक्यूम लावला की दोन्ही मिळून आठ-नऊ अँपियर होतात. घरातल्या साध्या ६ अँपियरच्या पिनेवर हे दोन्ही चालवू नये. १६ अँपियरचा सॉकेट आणि जाड तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड हवा. गुंडाळलेलं वायर पूर्ण सोडून घ्यायचं, गुंडाळीत ते तापतं. आकडा टाकून मशीन चालवणं तर जिवावरचंच. व्होल्टेज उतरलं असेल तर मशीन मंद फिरते, आतली हवा कमी खेळते, आणि अशा वेळी जोर दिला की मोटर जळते. बल्ब मिणमिणत असेल तर चहा घ्यावा, काम थांबवावं. पाणी मारून घासायचं असेल तर ते हाताने, ओल्या स्पंजने. पाणी आणि लाइटची मशीन एकत्र आणायची नाहीत.

धूळ आणि छाती

अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार आरोग्य संस्थेने १९९९ साली जिप्समच्या भिंती घासणाऱ्या कामगारांबद्दल सूचना काढली. तिथल्या कायद्यात हवेत एकूण धूळ दर घनमीटरला १५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. घासणाऱ्यांच्या नाकाजवळ ती काही वेळा या मर्यादेच्या दहापट निघाली. तिथेच दुसरी गोष्टही कळली : धूळ ओढणारी नळी जोडली की धूळ ८० ते ९७ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे मशीन वाईट नाही, व्हॅक्यूमशिवायची मशीन वाईट आहे. भाड्याने आणताना नळी आणि व्हॅक्यूम सोबत मागायचा. पोराने 'वजन होते' म्हणून तो दुकानातच ठेवला तर काम सुरू करू देऊ नये. घरातला साधा व्हॅक्यूम लावला तर बारीक धुळीने तो लवकर कोंडतो, बारीक धुळीचा फिल्टर असलेलाच लागतो.

तोंडाला गमछा बांधून सगळेच काम करतात. गमछ्याने जाडी धूळ अडते, छातीत खोल जाते ती बारीक धूळ त्यातून सरळ जाते. एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क हवा, नाकाची पट्टी दाबून, कडेने हवा न शिरेल असा. दाढी वाढलेली असेल तर तो बसत नाही. डोळ्याला चष्मा हवा, कारण सिमेंटची पुट्टी डोळ्यात गेली की चांगलीच झोंबते.

सगळ्यात धोक्याची धूळ पुट्टीची नाही, तिच्याखालच्या प्लास्टरची. पुट्टी घासून मशीन प्लास्टरपर्यंत गेली की वाळूची बारीक भुकटी उडते, तिच्यात सिलिका असते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि त्या माणसाला टीबी होण्याची शक्यता वाढते. खोकला, दम, वजन उतरणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखी, त्यामुळे सिलिकोसिसला टीबी समजून औषध चालू राहतं. बांधकामावर, खाणीत, दगड फोडायला गेलेला माणूस परत येऊन खोकत असेल तर धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात आपण काय काम करत होतो, किती वर्षं, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावं. विचारतीलच असं नाही.

जुनी भिंत असेल तर आणखी जपावं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइल पेंट मशीनने कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या लेकराच्या हातातोंडात जाते. तो ओला करून हाताने खरवडावा. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला तर कुठलीच मशीन लावू नये, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं.

घासायच्या दिवशी बाया-लेकरं, म्हातारी माणसं, टीबीचं औषध चालू असलेला माणूस यांना शेजारी पाठवावं. पाण्याचा माठ, धान्याची कोठी, अंथरूण बाहेर काढावं, नाहीतर प्लास्टिकने झाकावं. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नये, आधी ओल्या फडक्याने पुसावं. भिंतही कोरड्या ब्रशने झटकून मग किंचित ओल्या कपड्याने पुसून, वाळल्यावरच प्रायमर मारावा. धुळीवर मारलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पेंटरचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.

नोंदणीचं विसरू नये

पेंटर, मिस्त्री, त्यांच्या हाताखालचे सगळे बांधकाम कामगार धरले जातात. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम झालेलं असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे ऑनलाइन नोंदणी होते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून, किंवा गावात ग्रामपंचायतीकडून घ्यायचा. सोबत आधार कार्ड, वयाचा पुरावा, फोटो आणि बँकेचं पासबुक लागतं. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि हीच गोष्ट बाहेरगावी गेलेल्या पोरांची हटकून राहून जाते. होळीला घरी आले की तेव्हाच ते उरकून घेतलं तर पुन्हा चक्कर पडत नाही.