एकाच दिवसात बिअरच्या दोन बॅच: घरी बिअर बनवणारे हे कसं जमवतात?

अमेरिकेत घरी बिअर बनवणं हा अनेकांचा सुट्टीच्या दिवसाचा छंद आहे. एक बॅच साधारण ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची असते. तिला पाच ते सहा तास लागतात. मग दोन बॅचसाठी बारा तास लागायला हवेत. पण नियोजन नीट असेल, तर आठ तासांच्या आसपास काम उरकतं. कसं, ते समजून घेऊ.

वेळ नेमका कुठे जातो?

मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे मॉल्ट. ते भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवतात. त्यातल्या स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी, म्हणजे वर्ट, गाळून हॉप्ससोबत तासभर उकळतात. मग ते २० अंशांच्या आसपास थंड करून त्यात यीस्ट घालतात. यातला बराचसा वेळ नुसती वाट पाहण्यात जातो.

दोन बॅच कशा बसवतात?

पहिली बॅच उकळायला गेली की मॉल्ट भिजवायचं भांडं रिकामं होतं. ते धुऊन लगेच दुसरं मॉल्ट भिजवतात. पहिली बॅच थंड होऊन पातेलं मोकळं होईपर्यंत दुसरा वर्ट गाळायला तयार असतो. यासाठी पाणी तापवायला दुसरी शेगडी लागते. ती नसेल, तर गरम पाण्यासाठी खोळंबा होतो आणि वाचलेला वेळ तिथेच जातो.

एकाच मॉल्टपासून दोन बिअर

दुसरी पद्धत इंग्लंडची, पार्टी-गाइल. मॉल्टमधून निघणारं पहिलं पाणी दाट गोड असतं, त्याची कडक बिअर होते. त्याच मॉल्टवर पुन्हा गरम पाणी घातलं की पातळ वर्ट मिळतो, त्याची हलकी बिअर होते. लंडनच्या फुलर्स ब्रुअरीने ही पद्धत वापरून एकाच मॉल्टपासून वेगवेगळ्या बिअर बनवल्या आहेत.

चूक कुठे होते?

बहुतेक वेळा दुसऱ्या बॅचमध्ये, थकल्यावर. उकळी थांबल्यानंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असावी लागते. नळी धुवायची राहिली, तर १९ लिटर आंबट होऊन फेकून द्यावे लागू शकतात. यीस्टही दुप्पट लागतं. एका बॅचपुरतं यीस्ट दोन्हींत वाटलं, तर आंबण्याची क्रिया रेंगाळते.

जिवाला धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी असतो. मोठी गॅस शेगडी बंद खोलीत तासन् तास जळत ठेवली, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. म्हणून ती उघड्यावरच वापरतात. आंबणं पूर्ण होण्याआधी बिअर बाटलीत भरली, तर दाब वाढून काच फुटते.

कायदा काय सांगतो?

राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने अमेरिकेत घरगुती बिअरला करमाफी मिळाली. एका घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील, तर वर्षाला २०० गॅलनची मर्यादा आहे, म्हणजे ५ गॅलनच्या ४० बॅच. ही बिअर विकता येत नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात. मिसिसिपी आणि अलाबामात परवानगी २०१३ मध्ये मिळाली.

महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. मग बॅच एक असो वा दोन.