स्प्रिंग, हवा आणि वेताळ टेकडी

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या मुरमाड पायवाटांवरून उतरणाऱ्या फुल सस्पेन्शन सायकली नीट पाहिल्या, तर बहुतेकींच्या मागच्या शॉकमध्ये स्प्रिंग नसते. तिथे हवा असते. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पाच-सहा पट दाबाने भरलेली. ही हवा धक्का झेलते आणि शॉकमधलं तेल तो जिरवतं. सायकलवरून स्प्रिंगला एके काळी हद्दपार केलं होतं ते हवेनेच. या सायकलचा मागोवा घ्यायचा तर तिथूनच घ्यावा लागतो.

१८८५ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीने रोव्हर सेफ्टी सायकल आणली. जवळपास सारख्या आकाराची दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन, म्हणजे आजच्या सायकलची मूळ आकृती. पण चाकांवर भरीव रबर होतं. आधीच्या उंच सायकलीचं मोठं चाक खड्ड्यावरून तरून जायचं. हे लहान चाक प्रत्येक दगड थेट मणक्यापर्यंत पोचवायचं. त्याच वर्षी लंडनच्या लिनली अँड बिग्ज कंपनीने त्यावर ‘व्हिपेट’ हा उपाय काढला. त्यात सीट, हँडल आणि पेडल यांचा एक ताठ त्रिकोण होता आणि तो मुख्य सांगाड्यावर स्प्रिंगने तोलून धरलेला होता. चाकं हवी तेवढी उसळू देत, सीट आणि पेडलमधलं अंतर बदलता कामा नये, हा त्यामागचा विचार. ते अंतर सतत बदलत राहिलं तर पायाचा जोर चेनपर्यंत न जाता स्प्रिंगमध्येच मुरतो. सस्पेन्शनवाल्या सायकलीचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे आणि तो व्हिपेटच्या कारागिरांनी पहिल्याच फटक्यात ओळखला होता, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकीला हवेची धाव बसवली. ती हलकी होती आणि तिला सांधे नव्हते. पुढच्या काही वर्षांत स्प्रिंगच्या फ्रेम मागे पडल्या. स्प्रिंग उरली ती सीटखाली.

त्याच १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत आणि रामूअण्णा बेळगावची बाजू सांभाळत. पुढे नांगर, पंप, इंजिनं बनवणाऱ्या या घराण्याचा मराठी मुलखातला पहिला यांत्रिक व्यवहार सायकलचा होता. पुण्याच्या कारखानदारीची एक मुळी सायकलच्या दुकानात निघते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली ती काळी, दांड्यांच्या ब्रेकची, २८ इंची चाकांची सायकल. दूध, पेपर, डबे, शाळेची पोरं, गिरणीची दळणं, सगळं तिने वाहिलं. तिच्यात सस्पेन्शन म्हणून सीटखालच्या दोन जाड स्प्रिंगा तेवढ्या. पण पुढचं चाक धरणारा तिचा चिमटा पाहा. जमिनीशी साधारण ६६ ते ६८ अंशांत कललेला, पुढचं चाक लांब टाकलेलं. खराब रस्त्यावर सायकल सरळ राहावी म्हणून केलेली ही रचना. १९९० च्या दशकातल्या माउंटन बाइकचा हा कोन ७१ अंशांच्या आसपास गेला होता. आज टेकडी उतरायला बनवलेल्या सायकलींत तो पुन्हा ६४-६५ वर आला आहे. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जुन्या सायकली उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसएही तिथे आहे. नव्या सायकलवर लाखांत पैसे घालणाऱ्याने आधी तिथे तासभर घालवावा.

सस्पेन्शन परत आलं ते कॅलिफोर्नियातून. मॅरिन परगण्यातली काही मंडळी १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन डोंगर उतरू लागली. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांची पहिली शर्यत झाली. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून पुन्हा भरावा लागायचा. म्हणून शर्यतीचं नाव ‘रिपॅक’. तोवर सस्पेन्शन म्हणजे टायरमधली हवाच होती. १९८९ मध्ये मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरने रॉकशॉक्स कंपनी काढली. तिच्या पहिल्या चिमट्याची हालचाल जेमतेम ५० मिलीमीटर होती, आणि त्यातही धक्का झेलायला हवाच होती. १९९० मध्ये ड्युरँगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने त्यावर उताराची शर्यत जिंकली आणि शंका संपली.

मागचं चाक जास्त अवघड होतं, कारण तिथे चेन आहे. इथेही उत्तर मोटरसायकलवाल्याने दिलं. ऑस्ट्रियन इंजिनिअर हॉर्स्ट लाइटनर याने मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे, खालच्या दांडीवर एक सांधा टाकला. त्यामुळे पायाचा जोर शॉकमध्ये कमी मुरतो आणि ब्रेक दाबला तरी मागचा भाग आखडत नाही. व्हिपेटने विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनी चार दांड्यांच्या जोडणीने बऱ्याच अंशी सुटला.

आपल्याकडे या सगळ्याची पहिली ओळख झाली ती ‘डबल शॉकअप’च्या जड सायकलींतून. त्यांत स्प्रिंग होती, पण तिला आवरणारं तेल नव्हतं. चढावर प्रत्येक पेडलला सायकल डोलायची. खरी कसोटी पुढे टेकड्यांवर आली. पुण्याच्याच विनय मेनन आणि प्रवीण प्रभाकरन यांनी ‘सायनाइड’ ही कंपनी काढून ‘फ्युरान’ बनवली. ती फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल होती, पण उड्यांसाठी आणि दगडांसाठी इथल्या माणसांनी आखलेली.

आज सुटी फ्रेम मागवून सायकल बांधणारे पुण्यात बरेच आहेत. बांधणं जमतं, पण लावण्यात, म्हणजे सेटिंगमध्ये, खरं कसब लागतं. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दबण्याची पूर्ण हालचाल, ५५ मिलीमीटर असेल तर हेल्मेट, बॅग, दोन लिटर पाणी घेऊन बसल्यावर तो ३० टक्के, म्हणजे साडेसोळा मिलीमीटर दबला पाहिजे. एकाने सायकल धरायची, बसणाऱ्याने अलगद बसून अलगद उतरायचं आणि दांड्यावरची रबरी रिंग कुठवर सरकली ते मोजायचं. हवा भरताना दर ५० पीएसआयला थांबून शॉक सावकाश दाबायचा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत ती सारखी होते. हे न केल्याने दाब बरोबर असूनही सायकल ताठ वाटते आणि लोक उगाच कंपनीला दोष देतात. मग रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग. तो फार मोकळा ठेवला तर वेताळ टेकडीच्या दगडी पायऱ्यांवर सायकल मागून लाथ मारते. फार आवळला तर तिसऱ्या पायरीपर्यंत शॉक वर यायलाच सवड मिळत नाही. टायरमध्ये सीलंट घालून २२ ते २५ पीएसआय, ते सगळ्यात शेवटी.

पावसाळ्यानंतर मागचे सांधे उघडायलाच हवेत. चिखल बेअरिंगमध्ये शिरतो आणि बाहेरून काही कळत नाही. पेठांमधले जुने मिस्त्री ओव्हरऑइलिंगला छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, वाटीत ग्रीस घालून एकेक बसवत. नवी बेअरिंग बंद डब्यांतली आहेत, पण लागते ती हीच सवय.

आणि हे गाव सस्पेन्शनला परकं नाही. वेताळ टेकडीवरच एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासून वाहनं तपासणारी. चाकणजवळ गॅब्रिएल कंपनीच्या कारखान्यात शॉक ॲब्सॉर्बर बनतात. तरी उंची सायकलीचा शॉक मागवायचा म्हटलं की नजर तैवानकडे जाते, आणि बारीकसा भाग झिजला तरी सायकल आठवडेच्या आठवडे उभी राहते. माझ्या शॉकच्या खालच्या टोकाची पिन झिजली तेव्हा मी ती घेऊन भोसरीला एका लेथवाल्याकडे गेलो. बाहेरचा व्यास १२.७ मिलीमीटर, आत ८ मिलीमीटरच्या बोल्टचं छिद्र. त्याने व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजलं, मूळ पिन ॲल्युमिनियमची म्हणून लवकर गेली असं सांगितलं आणि स्टेनलेसची करून दिली. बोटाच्या दाबाने सरकत बसली, हलली नाही. ते माप त्याने वहीत उतरवून ठेवलंय आणि आता टेकडीवरच्या दुसऱ्या सायकलवाल्यांनाही तो त्या पिना करून देतो.