आई-वडिलांचा आरोग्य विमा काढताय? रक्कम नंतर बघा, आधी 'या' चार अटी वाचा

नाशिक : घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा खासगी आरोग्य विमा काढायचा म्हटलं की वर्षाचा हप्ता हजारोंत जातो. कांदा-द्राक्षाच्या पैशातून तो भरायचा आणि ऐनवेळी दवाखान्यात "हे पॉलिसीत बसत नाही" असं ऐकायचं, ही वेळ येऊ नये म्हणून ही माहिती.

आधी सरकारी कार्ड काढा

वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. आधार कार्डावर नोंदणी होते, हप्ता नाही आणि कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. सत्तरीच्या आतल्यांनी रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. मात्र दोन्ही योजना ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांनाच चालतात. त्यापलीकडची सोय हवी असेल तर खासगी विमा.

कोणता प्रकार घ्यावा?

फॅमिली फ्लोटरमध्ये सगळ्या घराला एकच रक्कम असते आणि हप्ता सर्वात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणून आई-वडिलांची पॉलिसी वेगळी काढलेली बरी. १ एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादा नाही, पण कंपनी तपासण्या करून हप्ता वाढवू शकते किंवा नकारही देऊ शकते. सुपर टॉप-अप स्वस्त पडतो, पण ठरलेल्या रकमेच्या वर खर्च गेला तरच तो कामाला येतो.

या चार अटी वाचाच

१. थांबण्याचा काळ : बीपी, शुगर असे आधीपासूनचे आजार जास्तीत जास्त ३६ महिन्यांनंतर विम्यात धरावेच लागतात. मोतीबिंदू, गुडघा बदलणे यांनाही बहुतेक पॉलिसीत दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे म्हणून आज विमा काढून उपयोग नाही.

२. को-पे : बिलातला आपला वाटा. बिल दीड लाख आणि को-पे २० टक्के असेल तर ३० हजार आपल्या खिशातून.

३. खोलीभाडं : ३ लाखांच्या विम्यात दिवसाला १ टक्का मर्यादा असेल तर ३ हजारांचीच खोली. ६ हजारांची घेतली तर नुसतं भाडं नाही, डॉक्टर आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो.

४. आजारानुसार मर्यादा : विमा ५ लाखांचा, पण मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ठरावीक रक्कमच, असं असतं.

गावाकडच्यांनी हेही विचारा

कॅशलेस कोणत्या रुग्णालयांत चालतं, याची यादी मागा. सुरगाणा, पेठ किंवा नांदगावहून पेशंट जिथे न्याल, ते नाशिक-मालेगावचं रुग्णालय यादीत आहे का ते बघा. नसेल तर आधी पैसे भरा, मग कागद जोडून मागा.

फॉर्म स्वतः वाचा. "बीपी-शुगर लिहू नका, हप्ता वाढेल" असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. लपवलेला आजार हेच क्लेम नाकारण्याचं कारण होतं. पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून हप्ता चुकवू नका.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पावतीवर लावला असेल तर विचारा.

तक्रार कुठे?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे फुकट दाद मागता येते, वकील लागत नाही. विमा नियामकाचा टोल फ्री नंबर : १५५२५५.